नाव वाचून होईपर्यंत

४ जून

मामा,

नमस्कार आधी, बातमी मग आणि तक्रार सगळ्यात शेवटी. हे पत्र तुझ्या हाती लागायच्या आत मामी फोडणार आणि खिडकीशी उभी राहून मोठ्याने वाचणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून अक्षर ठळक काढलंय. मामी, सावकाश वाच गं.

बातमी अशी, की मला हेरपट मिळाला! अख्ख्या सिनेमाची सुरुवातीची टायटल्स माझी. आजवर मी दुसऱ्यांच्या सिनेमांत शेवटची नावं सरकवत होते. ती वाचायला दरवाजे उघडणारा माणूससुद्धा थांबत नाही. आता पहिल्यांदा पडद्यावर माझं स्वतःचं नाव, स्वतःच्या पाटीवर येईल.

येईल म्हणजे, टिकलं तर. दिग्दर्शक माणूस वाईट नाही, पण सदा घोड्यावर. आम्ही त्याला घाईसाहेब म्हणतो. त्याचं म्हणणं, 'टायटल्स आता कोण बघतं? थेट पाठलागाने सुरू करू आणि नावं टाकू शेवटी.' मी एवढी भांडले की शेवटी तो म्हणाला, 'बरं बाई, कर. पण चाचणीच्या खेळाला लोक चुळबुळले, तर सगळं कापून टाकीन.' आता बोल.

मला सारखी तुझी ती टायटल्स बनवायची मागची खोली आठवते. काचेच्या टाकीत शाईचा थेंब सोडून तू धूर करायचास. चाळणीमागे विजेरी धरली की दिव्यांचं शहर तयार. आणि हेर कोण, तर आमची मामी! तुझा लांब कोट आणि टोपी घालून चादरीमागून चालायची. सगळ्या थेटरांत लोक श्वास रोखून जिची सावली बघत होते, तिने कोटाच्या आत स्वयंपाकाचा एप्रन घातलेला असायचा.

नमुना तयार झाला की पाठवते. मामीची चाचणी घ्यायची, नेहमीसारखी. मामीने नाव मोठ्याने वाचायचं, 'जेवला असेल का हा?' म्हणायचं आणि मगच पाटी हलायची. तिने पास केलं की मला जगाची भीती नाही.

आता तक्रार. मार्चपासून तुझं पत्र नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मामी 'बिल चढतं' म्हणून दोन वाक्यांत ठेवून देते. गेल्या खेपेला तर तूच उचललास आणि 'हॅलो, हॅलो' करून ठेवून दिलास. असं कुठे असतं?

तुझी भाची

---

१५ जून

भाचीबाई,

पत्र पोचलं. मी ते तुझ्या मामीला वाचून दाखवलं. कोटाचा भाग आला तेव्हा हसली.

घाईसाहेबाला माझा निरोप सांग. जेवायला बसवलेल्या माणसाला कुणी दारातूनच थेट ताटावर ढकलत नाही. आधी चपला काढायला, हात धुवायला वेळ देतात. टायटल्स म्हणजे तेवढा वेळ. बाहेरचा माणूस त्यात हळूहळू आतला होतो.

हेरपटाचं आणखी एक आहे. त्याच्या टायटल्समध्ये सगळी गोष्ट आधीच सांगून टाकायची. दगाबाज कोण, तो दगा कसा देणार, सगळं. फक्त असं सांगायचं की कुणाला कळू नये. मी एकदा फितुराचा हातमोजा पहिल्याच चित्रात टांगून ठेवला होता. लोक घरी जाताना कपाळावर हात मारत होते, 'अरे, समोरच तर होता!' तो कपाळावरचा हात म्हणजे आपली कमाई, ठमे.

पण नाव हे नाव. शाई पसरू दे, गोळ्या सुटू देत, सावल्या नाचू देत. माणसाचं नाव वाचून होईपर्यंत जागचं हलता कामा नये. दिवेवाला वर्षभर शिडीवर उभा राहतो आणि त्याबदल्यात त्याला ती एक पाटी मिळते. त्याची आई थेटरात बसलेली असते.

इकडे सगळं ठीक. घर तसं शांत आहे. आज चहा मीच केला, साखर जरा जास्तच पडली. खालच्या मजल्यावरची शिंपीण येऊन-जाऊन असते, तिचा आधार आहे. तू वेळेवर जेवत जा.

मामा

---

३० जून

मामा,

सोबत पेनड्राइव्ह आहे. शिंपीणबाईंच्या पोरीला सांग, ती टीव्हीला लावून देईल. घाबरू नकोस, बटण दाबलं की आपोआप चालतं.

काय केलंय ते सांगते. एक मोठा आरसा आहे. हेर त्यात बघतो आणि आरसा फुटतो. प्रत्येक तुकड्यात एकेक नाव येतं, चमकतं आणि भिरभिरत निघून जातं. शेवटच्या तुकड्यात दगाबाजाचा डोळा आहे, पण उलटा. कुणाच्या बापाला कळणार नाही! घाईसाहेब पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसला आणि म्हणाला, 'हे पळतंय, मस्त पळतंय.'

तेच मला टोचतंय. जरा जास्तच पळतंय का? मी ते इतक्यांदा पाहिलंय की सगळी नावं मला पाठ झालीत, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास उरलेला नाही. मला मामीचे डोळे हवेत. ती लग्नानंतर वाचायला शिकली, तीही तू रंगवून दोरीवर वाळत टाकलेल्या नावांच्या कागदी पाट्या बघून. तिच्याइतक्या प्रामाणिकपणे नाव वाचणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. ती अडखळली तर मी घाईसाहेबाशी पुन्हा भांडेन. ती म्हणाली ठीक, तर ठीक.

लवकर कळव. पुढच्या आठवड्यात ते चाचणीच्या खेळासाठी कुलूपबंद होणार, मग एक टिंबही हलवता येणार नाही. मी सध्या टेबलावरच पावाचा तुकडा खाते आणि टेबलावरच डोकं टेकते.

तुझी भाची

---

५ जुलै

भाचीबाई,

पाहिलं. काम झकास झालंय. आरशाची कल्पना मला कधी सुचली नसती. अक्षरं सुरेख, उभ्या रेषा छान ताठ.

मामीने वाचलं. सगळं ठीक आहे म्हणाली.

कर कुलूपबंद.

मामा

---

२४ जुलै

मामा,

काल चाचणीचा खेळ झाला आणि माझी पुरती शोभा झाली.

दोनशे लोक होते. आरसा फुटला, लोक 'वा' म्हणाले. नावं सुरू झाली आणि मला मागून खसखस ऐकू यायला लागली. घाईसाहेबाची आई पहिल्या रांगेत होती. टायटल्स संपल्यावर त्या माउलीने भर शांततेत लेकाला विचारलं, 'अरे, नावं कधी येणार?' ती येऊन गेली होती! तिच्या लेकाचंही येऊन गेलं होतं. घाईसाहेबाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला बघवत नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, 'दीड महिना देतो. जमलं तर ठीक, नाहीतर सगळी नावं शेवटी.' लांबीही वाढवून मिळणार नाही. आहे तेवढ्यातच बसवायचं.

आधी मला तुझा राग आला. मग घरी आले, तुझी पत्रं काढली आणि ती टायटल्ससारखी पाहिली. तूच शिकवलंस ना, सगळं सुरुवातीलाच सांगून टाकायचं, फक्त कुणाला कळू नये असं? तर ऐक. माझं पत्र तू मामीला वाचून दाखवलंस. कधीपासून? माझं पत्र दुसऱ्या कुणाला वाचू देणारी बाई आहे का ती? चहा तू केलास. घर शांत आहे म्हणालास. मामी घरात असताना तुमचं घर शांत होतं कधी? आणि एवढी सगळी नावं तिने वाचली, पण एकाही माणसाला 'जेवला असेल का हा?' विचारलं नाही?

मी कपाळावर हात मारला, मामा. समोरच तर होतं सगळं.

मामीला काय झालंय? टायटल्स गेली खड्ड्यात. मला खरं सांग.

तुझी भाची

---

२९ जुलै

ठमे,

तुला शिकवलं तेच माझ्यावर उलटलं. बरं झालं.

एप्रिलच्या सुरुवातीला तिला झटका आला. सकाळी कपडे वाळत घालता घालता माझ्याकडे वळली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. हात-पाय गेले नाहीत, चालते-फिरते, सगळं समजतं तिला. फक्त बोलणं गेलं, आणि वाचणंही गेलं. डॉक्टर म्हणतात, शब्द डोक्यात आहेत, वाट बंद झालीय. वाचा-उपचारवाल्या एक बाई येतात. त्या तिला चित्रांचे पत्ते दाखवतात. कप, किल्ली, मांजर. ही सरळ बाजूला सारते. 'मी काय बालवाडीत आहे का?' असं तोंड करते. पण म्हणत काहीच नाही.

तुझं जूनमधलं पत्र आलं तेव्हा लिहायला बसलो होतो. खरंच. पण तू लिहिलं होतंस, 'मामी, सावकाश वाच गं.' जगात निदान तुझ्या पत्रात तरी ती अजून खिडकीशी उभी राहून वाचत होती. मला ते मोडवेना. तुझं पहिलं मोठं काम, तेही डोक्यात होतं, पण खरं कारण हे.

आणि आरसा मी एकट्याने पाहिला. मला सगळं वाचता आलं. आता कळतंय का ते. मी कधी नाव वाचतच नाही, मी अक्षराची चण बघतो. वेलांटी कशी वळलीय, काना ताठ आहे का. ते मला विजेच्या वेगाने दिसतं. आयुष्यभर माझी नावं लोकांनी वाचली ती तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही. तिच्याशिवाय माझं मत कवडीमोलाचं, आणि मी ते तिच्या नावावर तुला पाठवलं. त्यासाठी हवं ते बोल मला.

रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसते आणि आम्ही दोघंही गप्प असतो. मला ऐकू येत नाही म्हणून मी चाळीस वर्षं कुरकुर केली. आता ऐकायलाच काही नाही, तर कान टवकारून बसतो.

मामा

---

२ ऑगस्ट

मामा,

बोलायचं ते समोर येऊन बोलेन. शनिवारी येतेय, चार दिवस राहणार. घाईसाहेबाला सांगितलं, मामीकडे जातेय. तो म्हणाला, 'दीड महिन्यातले चार दिवस?' मी म्हटलं, 'हो.' तो म्हणाला, 'बरं, जा.' एवढा काही वाईट नाही तो.

तोवर एक कर. ती मांजर आणि किल्ली ठेव गुंडाळून. मामी मांजरावर वाचायला शिकलीच नव्हती. ती शिकली तुझ्या पाट्यांवर, नावांवर, दोरीवर. पलंगाखालची पाट्यांची ट्रंक काढ. मागच्या खोलीत दोरी बांध. पाट्या चिमट्यांनी लाव, पूर्वी लावायचास तशाच. तिला काही विचारू नकोस, 'म्हण, म्हण' करून मागे लागू नकोस. फक्त लाव आणि तुझं काम करत बस.

ब्रश वाळून खडखडीत झाले असतील, तर नवे घेऊन येते.

तुझी भाची

---

२१ ऑगस्ट

भाचीबाई,

तू गेलीस आणि घर पुन्हा मोठं वाटायला लागलं. तुझी ओढणी इथेच राहिलीय. मामीने ती घडी घालून उशाशी ठेवलीय, त्यामुळे परत मिळेल याची खात्री देत नाही.

तू होतीस तेव्हा ती नुसती दोरीकडे बघत बसायची. तू रडायला न्हाणीघरात जायचीस आणि नळ सोडून ठेवायचीस, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मला ऐकू येत नाही, पण पाण्याचा हिशेब कळतो. तू तिला माझा कोट चढवून चादरीमागून चालायला लावलंस आणि त्या छोट्या कॅमेऱ्याने टिपलंस, तेव्हा मात्र ती खूश होती. तीच चाल. उजवा पाय किंचित ओढते आता, पण हेराला ते शोभतं.

आता ऐक. परवा मी नव्या ब्रशने जुन्या दिवेवाल्याची पाटी पुन्हा रंगवली, कारण मूळची कसरीने खाल्लेली. घाईत ती दोरीला उलटी लावली. पाठ फिरवून हात धूत होतो. वळून पाहतो तर ही उठलेली. तिने चिमटा काढला, पाटी सरळ केली, चिमटा लावला आणि दोन पावलं मागे सरून माझ्याकडे असं बघितलं, की जणू हा माणूस कामातून गेला! म्हणजे उलट-सुलट तिला कळतंय. मी काही बोललो नाही. तूच दम दिला होतास ना.

आज सकाळी मी खोलीत नव्हतो. चहा टाकत होतो. मला आवाज येत नाही हे तुला माहीत आहे. शिंपीण जिन्यातून धावत वर आली आणि तिने मला दंडाला धरून मागच्या खोलीत ओढत नेलं. तुझी मामी दोरीसमोर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेलो, कान तिच्या तोंडाशी नेला. दिवेवाल्याचं नाव. तुटक, पुन्हा पुन्हा, पण आडनावासकट.

मी त्याच दोरीखाली बसलो आणि मोठ्याने रडलो. शिंपीणपण रडली. ही मात्र पुढच्या पाटीकडे वळली होती.

एकच नाव आलंय. पुढची पाटी अजून जमलेली नाही. पण वाट आहे.

तुझ्या टायटल्सचं काय झालं?

मामा

---

१२ सप्टेंबर

मामा,

पास! घाईसाहेब, त्याची आई, निर्मात्या बाई, सगळे पास!

आरसा मोडीत काढला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सगळं पुसलं आणि एक दोरी काढली. एका बोळात दोन भिंतींच्या मध्ये कपडे वाळत टाकलेत, पांढऱ्या चादरी. चादरींवर नावं. मागे दिवा आहे, आणि मागून एक सावली चालत जाते, लांब कोट, टोपी, उजवा पाय किंचित ओढत. घाईसाहेबाने विचारलं, 'हा नट कोण? चाल भारी आहे.' मी म्हटलं, जुन्या जाणत्या कलाकार आहेत, फार कमी काम घेतात.

आणि खरी गंमत ऐक. लांबी एका टिचकीनेही वाढवली नाही. पण दोरी सरकते, त्यामुळे नवी चादर आली तरी आधीची नाहीशी होत नाही, बाजूला उभी असते. ज्याचं वाचून झालं नाही तो मागे वळून वाचू शकतो. घाईसाहेबाच्या आईने लेकाचं नाव मोठ्याने वाचलं आणि मग पदराने डोळे पुसले. तो छताकडे बघत राहिला.

दगाबाजही आहे. सगळ्या चिमट्यांत एक चिमटा वेगळ्या बाजूने लावलाय. बघू तुला दिसतो का.

एकच गोम आहे. शेवटची चादर दोरीवरून सुटून खाली पडते आणि तिथून गोष्ट सुरू होते. त्या चादरीवरचं नाव फार वेळ राहत नाही. ते कुणाच्या वाट्याला टाकायचं? दिवेवाल्याच्या टाकवेना. म्हणून माझं टाकलं. चालेल ना?

नोव्हेंबरात लागतोय. तिकिटं पाठवते. मामी किती पाट्यांपर्यंत आली?

तुझी भाची

---

१८ नोव्हेंबर

ठमे,

जाऊन आलो. सगळं नीट सांगतो.

मामीने आदल्या दिवसापासून साडी काढून ठेवली होती. थेटरात आम्हाला कडेच्या खुर्च्या मिळाल्या. मी कानात ते यंत्र घातलं होतं. हो, घेतलं शेवटी. आता घरात ऐकण्यासारखं आहे.

अंधार झाला, बोळ आला, दोरी आली. सावली निघाली. मामीने माझा हात दाबला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, हो, तूच. मग नावं सुरू झाली आणि आमच्या बाईसाहेब मोठ्याने वाचायला लागल्या. सगळी नाही आली. काही अर्धी, काही नुसतं पहिलं अक्षर. पण तुझी दोरी थांबत होती गं तिच्यासाठी. एखादं सुटलं की ती बाजूच्या चादरीवर वळून पुन्हा धरायची. पुढच्या रांगेतल्या एकाने दोनदा मागे वळून पाहिलं. मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिसऱ्यांदा वळला नाही.

चिमटा मला दिसला. शाबास.

मग तुझी चादर आली. तिने तुझं नाव उचललं, बापाचं नाव आलं, आडनावाच्या तोंडाशी आली आणि तुझी चादर सुटली, पडली, गेली. गोष्ट सुरू. हेर छपरावरून पळतोय, गोळ्या सुटताहेत, आणि ही अंधारात डोळे मिटून तुझं आडनाव शोधतेय. मला सांगता आलं असतं. ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत बसलो. हेर नदीत पडला असेल तेव्हा कधीतरी तिला ते सापडलं. तिने तुझं अख्खं नाव पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, खणखणीत, सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं.

आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, 'जेवली असेल का ही?'

झटक्यानंतरचं हे तिचं पहिलं अख्खं वाक्य. मी म्हटलं, उत्तर तिच्याकडूनच मागवतो. तेव्हा तूच दे. जेवलीस का, ते कळव. आणि अक्षर ठळक काढ. या वेळी पत्र ती फोडणार आहे.

मामा